पुराचे पाणी, घराचा उंबरठा आणि वडीलधारी माणसे



जुलैचे शेवटचे दहा-बारा दिवस म्हणजे पुष्य नक्षत्राचा काळ. पुनर्वसूचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा पाऊस 'म्हातारा', असे आपली जुनी माणसे म्हणत आली आहेत. नाव म्हातारा असले तरी या पावसाच्या अंगातली रग कमी नसते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या काठाने जे महापूर पाहिले, ते जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे, म्हणजे पुष्य-आश्लेषाचेच होते. म्हणून या पंधरवड्यातील सदर पुरापासून घराच्या आणि घरातील वृद्धांच्या बचावासाठी राखून ठेवले आहे.

घर वाचवण्याचा विषय डॉक्टरने का मांडावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत घर हा उपचाराचाच एक भाग असतो. संडासात बसवलेला आधाराचा दांडा, फ्रीजमधील इन्सुलिन, पलंगाशेजारचे ऑक्सिजनचे यंत्र, रात्री अंधारातही पायांना ओळखीची असलेली मोरीपर्यंतची वाट, या सगळ्यांवर त्याचे आयुष्य तोललेले असते. गुडघाभर पाणी घरात शिरते तेव्हा तरुणाचे सामान भिजते; वृद्धाचा मात्र सगळा दिनक्रम एका रात्रीत मोडतो. २०१९ नंतरच्या आठवड्यांत माझ्या दवाखान्यात आलेल्या वृद्धांपैकी पुराच्या पाण्याने प्रत्यक्ष इजा झालेले थोडे होते. चुकलेल्या गोळ्या, कोंडून धरलेली लघवी, गाळात घसरलेला पाय आणि चिघळलेली जखम यांमुळे आलेले अधिक होते. हे बहुतेक सगळे टाळता येण्यासारखे असते.

भिंतीवरची जुनी खूण

नदीकाठच्या बहुतेक घरांत एक खूण असते. "पाच साली पाणी इथपर्यंत आले होते," असे आजोबा भिंतीवर बोट ठेवून सांगतात. ती खूण म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाण्याची शेवटची हद्द. २०१९ मध्ये नेमका याच भरवशाने घात केला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तेथे पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. जुन्या खुणेवर विसंबून माळ्यावर बसलेल्या अनेक कुटुंबांना पुढे नावेतून बाहेर काढावे लागले.

पूर एकाच स्वभावाचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. कृष्णा-पंचगंगेचा पूर घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि धरणांतील विसर्गाचा असतो. आपल्या अंगणात ऊन पडलेले असतानाही महाबळेश्वर-कोयनेकडचे पाणी वाटेत असू शकते. असे पाणी चढायला वेळ घेते, म्हणजेच आपल्याला सवड देते. मात्र उतरायलाही ते कित्येक दिवस घेते. कोकणातील पूर वेगळा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी पहाटेनंतर पाहता पाहता चढले आणि सामान हलवायलाही फुरसत मिळाली नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; तेथे नदीपेक्षा तुंबलेले नाले आणि भरती यांनी घरे बुडवली. आपले घर कोणत्या प्रकारच्या पाण्याच्या वाटेत आहे, ते आधी ओळखावे. सावकाश चढणाऱ्या पाण्यात आवरण्यासाठी दिवस मिळतो, वेगाने येणाऱ्या पाण्यात फक्त उचललेली पिशवी आणि मोकळा जिना उपयोगी पडतो.

पाणी येण्यापूर्वी घराची तयारी

पुराचे पाणी दारातूनच येते, हा समज पुरता खरा नाही. पुष्कळ घरांत ते आधी मोरीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून उलटे वर येते. बाहेरची गटारे भरली की मैलामिश्रित पाणी नळातून मागे ढकलले जाते, आणि रोगाच्या दृष्टीने हे पाणी सर्वांत वाईट. यासाठी सांडपाण्याच्या मुख्य नळावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप प्लंबरकडून बसवून घ्यावी. ते जमले नसेल, तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती मोरीच्या तोंडावर आणि संडासाच्या भांड्यात घट्ट बसवावी व वर वजन ठेवावे.

दारासाठी वाळूची पोती भरताना ती काठोकाठ भरू नयेत. अर्धी किंवा जेमतेम दोन तृतीयांश भरलेली पोती एकमेकांत दबून बसतात, टम्म भरलेल्या पोत्यांमध्ये फटी राहतात. आधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि विटांचे बांधकाम करतात तशी, सांध्यावर सांधा येऊ न देता पोती रचावीत. यामुळे वीतभर, हातभर पाणी काही काळ थोपते. त्याहून अधिक पाणी येणार असेल, तर पोत्यांच्या मागे बसून राहणे धोक्याचे आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो भरते. जुन्या मातीच्या भिंती तो दाब सोसत नाहीत.

विजेबाबत एकच नियम पाळावा. पाणी उंबरठ्याला टेकण्यापूर्वी, कोरड्या हातांनी आणि कोरड्या जमिनीवर उभे राहून मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टरही बंद करावा. त्याकडे हमखास दुर्लक्ष होते आणि मेन बंद असतानाही तो तारांत वीज सोडत राहतो. स्विचपर्यंत जाताना पाण्यात पाय घालावा लागत असेल, तर तो नाद सोडून द्यावा आणि वीज मंडळाच्या माणसांना कळवून त्या भागाचा पुरवठा तोडायला सांगावे. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवावा, कारण रिकामी टाकी पाण्यावर तरंगते आणि नळी तुटते.

वृद्ध माणसाचा मुक्काम तळमजल्यावर असेल, तर पावसाळ्याचे हे दोन महिने त्यांची झोपण्याची जागा वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवता येईल का, याचा विचार आत्ताच करावा. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, अर्धांगाच्या रुग्णाला अरुंद जिन्यावरून नेणे चार तरुणांनाही जड जाते. प्लास्टिकची हात असलेली मजबूत खुर्ची यासाठी उत्तम. दोघांनी खुर्ची धरावी, एकाने विजेरी दाखवावी, आणि याचा सराव एकदा दिवसाउजेडी करून पाहावा.

औषधांची पिशवी

मदत छावणीत वृद्धांना तपासताना डॉक्टरांना वारंवार एक उत्तर ऐकू येते: "सकाळी एक पांढरी बारीक गोळी असते आणि रात्री एक गुलाबी." पांढऱ्या बारीक गोळ्या शेकडो प्रकारच्या आहेत. रक्तदाबाची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी, फेफऱ्याची, सगळ्याच पांढऱ्या असू शकतात. नाव ठाऊक नसले की डॉक्टरांचे हात बांधले जातात. म्हणून आज संध्याकाळी एक काम करावे. एका कागदावर ठळक अक्षरांत रुग्णाचे नाव, वय, आजार, प्रत्येक औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि वेळ लिहावी. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे तेही लिहावे. मुलाचा किंवा मुलीचा फोन क्रमांक खाली घालावा. त्या कागदाचा आणि औषधांच्या पट्ट्यांचा फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवावा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून औषधांसोबत बांधावा.

निदान पंधरा दिवसांची औषधे या पिशवीत असावीत. सर्वच औषधे सारखी तातडीची नसतात. थायरॉइडची गोळी दोन-चार दिवस चुकली तर सहसा मोठे संकट येत नाही. पुढील औषधे मात्र अचानक बंद पडू देऊ नयेत:

• फेफऱ्याच्या गोळ्या. एक-दोन दिवसांच्या खंडानेही झटका येऊ शकतो.
• रक्तदाब-हृदयविकारासाठीची मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा क्लोनिडीन. ती एकाएकी थांबली की रक्तदाब किंवा नाडी उसळी घेते.
• दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइडची गोळी.
• पार्किन्सनची औषधे. त्यांच्यावाचून रुग्ण काही तासांत जखडतो.
• रक्त पातळ करणारी औषधे, विशेषतः हृदयाची झडप बदललेली असल्यास किंवा स्टेंट नव्याने बसवला असल्यास.
• इन्सुलिन आणि दम्याचे पंप.

इन्सुलिनबद्दल पुष्कळांच्या मनात धास्ती असते. वीज गेली, फ्रीज बंद पडला म्हणून ते लगेच निकामी होत नाही. उन्हापासून दूर, साधारण ३० अंशांच्या आतील तापमानात बहुतेक प्रकारचे इन्सुलिन चार आठवडे टिकते. ओल्या मातीच्या लहान मडक्यात, पिशवीत गुंडाळून ठेवलेली कुपी पावसाळी हवेत सुरक्षित राहते. ती बर्फाला थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

मधुमेहींसाठी याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे. छावणीत जेवणाची वेळ निश्चित नसते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतले आणि जेवण तीन तासांनी आले, तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे आणि शेवटी बेशुद्धी, असा तो क्रम असतो. ताट समोर आल्यावरच ही औषधे घ्यावीत. पिशवीत साखरेची पुडी, ग्लुकोज आणि बिस्किटे असावीत.

घरी ऑक्सिजनचे यंत्र असणाऱ्यांनी आणि डायालिसिसवरील रुग्णांनी इशारा पातळीची वाटही पाहू नये. यंत्र विजेवर चालते आणि पुरात वीज पहिल्यांदा जाते. डायालिसिसच्या रुग्णाने हवामान खात्याचा अतिवृष्टीचा इशारा ऐकताच आपल्या केंद्राशी बोलून पाळी अलीकडे घ्यावी आणि रस्ता सुरू असतानाच त्या गावी मुक्काम हलवावा.

निघायचे केव्हा आणि कसे

"मी कुठेही येणार नाही, तुम्ही जा," हे वाक्य नदीकाठच्या किती घरांनी ऐकले असेल! त्यामागे हट्टापेक्षा भय अधिक असते. आपण सुटून दुसऱ्यावर ओझे होऊ, परक्या ठिकाणी संडासाची सोय नसेल, गोठ्यातल्या म्हशीला दावे सोडून कोण नेईल, असे ते भय असते. म्हणून आजी-आजोबांशी वाद घालण्याऐवजी या तीन गोष्टींची उत्तरे आधी तयार ठेवावीत. जनावरे कुठे न्यायची, ते ठरवून सांगावे. ज्या घरी जायचे आहे तेथे कमोडची खुर्ची आधीच पोचवावी. आणि निघण्याची वेळ अंदाजावर न सोडता आकड्याशी बांधावी: "इशारा पातळी आली की आपण निघायचे, धोका पातळीची वाट पाहायची नाही." हा शब्द जूनमध्ये, कोरड्या अंगणात बसून घेतलेला असला, तर ऑगस्टमध्ये तो पाळायला माणसे तयार होतात.

वाहत्या पाण्यात वृद्धांनी पाऊल टाकू नये. वीतभर खोलीचे वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडते, आणि दोन फुटांचे पाणी मोटार उचलून नेते. गढूळ पाण्याखाली उघडे मॅनहोल दिसत नाही. चालावेच लागले, तर साचलेल्या पाण्यातून, गमबूट घालून, काठीने तळ चाचपत आणि धडधाकट माणसाच्या आधाराने चालावे. नावेत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि नाव भरली असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबावे. अडचण आल्यास १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही साठवावेत.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खिशात किंवा गळ्यातील पिशवीत नाव-पत्ता-फोनची चिठ्ठी असावी. नव्या जागी, विशेषतः सांज झाल्यावर, अशी माणसे "घरी चला" म्हणत उठून निघतात. त्यांच्याशी तर्क करत बसू नये. ओळखीची गोधडी, जपमाळ, नेहमीचा पेला अशी एखादी वस्तू सोबत असली तर ती पुष्कळ शांत होतात. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र मागे राहून गेले, तर शहाणासुरता माणूसही दोन दिवसांत गोंधळल्यासारखा दिसू लागतो. ही तीन साधने औषधांच्याच पिशवीत असावीत.

छावणीतील दिवस

संडासाला रांग आणि अंधार म्हणून वृद्ध स्त्रिया पाणी पिणे बंद करतात आणि लघवी होऊ नये म्हणून 'पाण्याची गोळी'ही टाळतात. पहिल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शुष्कता येते, तर दुसऱ्याने कमजोर हृदयाच्या रुग्णाला चार दिवसांत धाप लागते आणि पाय सुजतात. सुनांना, मुलींना माझी विनंती आहे की, सासूबाईंनी, आईने किती पाणी प्यायले हे विचारावे आणि रात्री त्यांना सोबत करावी. भिजलेले कपडे तत्काळ बदलावेत. वृद्धांच्या अंगातील ऊब लवकर निघून जाते, आणि थंडी वाजत असल्याचे ते बोलूनही दाखवत नाहीत.

पाणी ओसरल्यावर

घरी परतण्याची घाई सर्वांनाच असते. तरीही पहिल्या दिवशी वृद्धांनी आणि मुलांनी घरात शिरू नये. आधी वीजतंत्र्याकडून तारा आणि उपकरणे तपासून घ्यावीत, मगच मेन स्विच लावावा. दारे-खिडक्या उघडून काठीने कोपरे, कपाटाखालच्या जागा आणि अंथरुणे ढवळावीत. सापही पुरातून जीव वाचवून आपल्याच घरात आलेला असतो. दंश झाला तर कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. अवयव न हलवता रुग्णाला शांत ठेवून तडक सरकारी रुग्णालय गाठावे.

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो दगडासारखा होतो आणि त्याची धूळ छातीत जाते. हे काम साठीपुढच्या हृदयरुग्णाने हाती घेऊ नये. गाळाची एक बादली पाण्याच्या बादलीपेक्षा कितीतरी जड असते. फरशी धुऊन झाल्यावर ताजी टीसीएल पावडर एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम या प्रमाणात मिसळून ते पाणी वीस मिनिटे राहू द्यावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. संडास धुण्याचे ॲसिड आणि टीसीएल पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू फुप्फुसे जाळतो. भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा टाकून द्याव्यात. दोन दिवसांत त्यांत बुरशी धरते आणि दमेकऱ्यांना महिनाभर त्याचा त्रास होतो. पुराच्या पाण्यात भिजलेली औषधे, वरून कोरडी दिसली तरी, वापरू नयेत.

पिण्याचे पाणी खळखळून उकळावे किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. विहीर ग्रामपंचायतीने शुद्ध करून दिल्याखेरीज तिचे पाणी घेऊ नये.

उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. जंतू बारीक जखमेतून, पायाच्या भेगेतून शिरतो आणि बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्याच्या आत, ताप येतो. सडकून ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर 'पुराच्या पाण्यात उतरलो होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगदुखीसाठी मनाने डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेऊ नये, मूत्रपिंडावर त्याचा भार येतो. डॉक्टर भेटेपर्यंत पॅरासिटामॉल पुरेशी आहे. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लीन काही जणांना दिले जाते, पण कोणाला द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे.

मधुमेहींच्या पायांना संवेदना कमी असते. काचेचा तुकडा रुतला तरी कळत नाही. रोज संध्याकाळी पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. घाणीत झालेली कोणतीही जखम चोवीस तासांच्या आत दाखवून धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे.

आणि एक शेवटची गोष्ट. पन्नास वर्षांच्या संसारातले फोटो, लग्नातला शालू, मुलांची शाळेची प्रगतिपुस्तके चिखलातून निघतात, तेव्हा आजी एका जागी बसून राहतात, जेवत नाहीत, बोलत नाहीत. "जीव वाचला ना, मग झाले," असे त्यांना म्हणू नये. त्यांना ऐकून घ्यावे, एखादा फोटो त्यांच्यासमोर पुसून उन्हात ठेवावा. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, भूक परतली नाही, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे आणावे. त्यावर उपचार आहेत आणि ते म्हातारपणीही लागू पडतात.

हा अंक मिटण्यापूर्वी औषधांचा तो कागद लिहून काढावा, एवढीच आपणास विनंती.